कर्ज सेटल करून देतो म्हणाले आणि माझे पावणेदोन लाख गेले

हे लिहायला मला चार महिने लागले, कारण लिहायचं म्हटलं की पहिल्यांदा हेच सांगावं लागतं की माझ्यावर ११ लाख २० हजाराचं कर्ज होतं आणि त्यातलं निम्मं बायकोलाही माहीत नव्हतं. पण मागच्या आठवड्यात आमच्या कंपनीतला, माझ्याच लाईनवरचा एक पोरगा जेवणाच्या सुट्टीत कोपऱ्यात उभा राहून फोनवर कुणाला तरी "हो मॅडम, हप्ते बंद करतो" म्हणत होता, ते ऐकून माझ्या पोटात खड्डाच पडला. म्हणून आज सगळं लिहितोय, लांबलं तरी वाचा.

मी नाशिकला अंबड एमआयडीसीत क्वालिटीला आहे, पगार हातात ३४ हजार. २०२२ ला वडिलांचं बायपास झालं तेव्हा पहिलं पर्सनल लोन काढलं, मग ओव्हरटाईम बंद झाला आणि त्याचे हप्ते जड जायला लागले म्हणून दुसरं काढलं, मग कार्ड, मग दुसरं कार्ड, शेवटी मोबाईलवरच्या ॲपवरून पाच-दहा हजाराची लोनं. २०२४ च्या जुलैत सगळे हप्ते मिळून ३८ हजाराच्या पुढे गेले. पगार ३४ आणि हप्ते ३८, वर घरभाडं, पोरीची फी, वडिलांची औषधं. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के, मिनिमम भरून भरून मुद्दल जागच्या जागीच.

माझे मामा कोर्टात बेलीफ होते, आता रिटायर आहेत. त्यांनी माझं तोंड बघूनच ओळखलं. म्हणाले, "भाच्या, जास्तच झालं असंल तर नादारीचा अर्ज करायची पण सोय आहे, पण आधी एखाद्या वकिलाला सगळे कागद दाखव, स्वतःच्या डोक्यानं काही करू नको." नादारी हा शब्द ऐकून मला घाम फुटला. दिवाळं निघणं म्हणजे आमच्याकडे माणूस संपला असंच समजतात. आणि दुसरं मनात असं आलं की वकिलाला द्यायला पैसे असते तर हप्ताच नसता का भरला. तिसरं म्हणजे सीबीएस बस स्टँडजवळच्या कोर्टात मला कुणी ओळखीच्यानं पाहिलं तर काय सांगायचं. मामांना हो हो म्हणलं आणि गेलो नाही.

त्याच रात्री मोबाईलवर कर्जातून सुटका कशी करायची म्हणून शोधत बसलो. दुसऱ्या दिवसापासून जाहिराती सुरू झाल्या, "कर्ज निम्म्यात मिटवा, रिकव्हरीचे फोन बंद, आमचे वकील तुमच्या पाठीशी". एका जाहिरातीत नाव, नंबर आणि कर्जाची रक्कम भरली आणि दहा मिनिटांत फोन आला. कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही, तक्रार चालू आहे, आणि तसंही यांची नावं बदलत राहतात, पद्धत तीच राहते, म्हणून पद्धतच नीट सांगतो.

फोनवर मॅडम होत्या, मराठी एकदम आपल्यासारखं. चाळीस मिनिटं बोलल्या. मला विचारलं, दादा तुम्ही वेळेवर जेवता का, झोप लागते का. खरं सांगतो, त्या सहा महिन्यांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं आणि मी गच्चीवर उभा राहून रडलो. मला वाटतं मी सही तिथेच केली, कागदावर नंतर.

प्लॅन असा होता. नोंदणी फी ९,९९९ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११,७९९. मग सगळे हप्ते बंद करायचे आणि त्याऐवजी दर महिन्याला १४ हजार त्यांच्या "सेटलमेंट फंडात" टाकायचे. ९० दिवस हप्ता थकला की खातं एनपीए होतं, म्हणजे बँक ते थकीत-बुडीत धरते, मग बँक निम्म्यावर तयार होते, तेव्हा या फंडातून एकरकमी भरू असं सांगितलं. पगाराचं खातं दुसऱ्या बँकेत न्यायचं म्हणजे ऑटो डेबिट होणार नाही. फोन आले तर त्यांच्या नंबरवर फॉरवर्ड करायचे. नोटीस आली तर उघडायची पण नाही, फोटो काढून त्यांना पाठवायचा, बाकी आमचे वकील बघतील.

३८ च्या जागी १४ हजार, महिना एकदम मोकळा वाटला. मी पोरीला नवीन दप्तर घेतलं.

९० दिवसांची गोष्ट खोटी नाही, आणि थकलेल्या कर्जात बँका तडजोड करतात हेही खरं आहे, रिझर्व्ह बँकेनं २०२३ च्या जूनमध्ये तडजोडीबद्दल नियमच काढलेत. म्हणून तर माणूस फसतो, अर्धं खरं असतं. जे सांगितलं नाही ते असं की बँकेवर तडजोड करायची सक्ती नाही, तोपर्यंत व्याज, दंड, बाऊन्स चार्ज सगळं चढत राहतं, आणि ऑटो डेबिट पैसे नसल्यामुळे परत गेलं तर २००७ च्या पेमेंट कायद्याच्या कलम २५ खाली फौजदारी केस होऊ शकते, चेक बाऊन्ससारखीच. मला अशी नोटीस आली होती. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरायची मुदत असते आणि ते १५ दिवस ती नोटीस माझ्या व्हॉट्सॲपवरून त्यांच्या व्हॉट्सॲपवर जाऊन पडून होती, दोन निळ्या टिका, बस.

बँकेचे वसुलीवाले मी कामाला आहे त्या कंपनीच्या गेटवर आले. वॉचमनला माझं नाव आणि रक्कम दोन्ही सांगून गेले. मॅडमना फोन केला तर म्हणाल्या हे होणारच दादा, याचाच अर्थ बँक प्रेशरमध्ये आहे.

ऑगस्ट ते फेब्रुवारी सात महिने १४ हजारानं ९८ हजार भरले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी पीडीएफ पाठवली, बँकेचा लोगो, शिक्का, सही, एक लाख ८५ हजारावालं कार्ड फक्त ६२ हजारात सेटल, ऑफर दोन दिवस. मी म्हणलं फंडात ९८ आहेत त्यातून भरा की, तर म्हणे तो फंड मोठ्या लोनसाठी लॉक आहे, आत्ता काढला तर पेनल्टी लागेल, हे तुम्ही वेगळं भरा, असा चान्स परत येत नाही. बायकोच्या भिशीचे ४० हजार होते, २२ मित्राकडून घेतले आणि त्यांनी दिलेल्या यूपीआयवर टाकले. बायकोला त्या दिवशी सगळं सांगावं लागलं. ती भांडली नाही, फक्त म्हणाली पावती आली की मला दाखवा.

पावती आलीच नाही. तिनंच मार्चमध्ये जोर केला म्हणून मी ते पत्र घेऊन बँकेच्या शाखेत गेलो. तिथल्या साहेबांनी एक मिनिटात सांगितलं की हे पत्र आमचं नाही, तुमच्या वतीनं कुणी बोलल्याची आमच्याकडे नोंद नाही, फक्त ठरावीक मजकुराचा एक ईमेल आलाय. आणि माझी बाकी १ लाख ८५ वरून २ लाख ३० वर गेली होती. बाहेर येऊन मॅडमना फोन लावला, नंबर बंद. दुसऱ्या नंबरवर कोणीतरी म्हणालं फंड सर्व्हिस चार्जमध्ये ॲडजस्ट झाला, ॲग्रीमेंट वाचा. ॲग्रीमेंट २३ पानी इंग्रजी, मी फक्त शेवटच्या पानावर ओटीपी दिला होता. असे एकूण १ लाख ७१ हजार ७९९ गेले आणि कर्ज कमी व्हायच्या ऐवजी वाढलं.

मग मामांबरोबर कोर्टात गेलो. मामांनी एक शब्द टोमणा मारला नाही. वकील मॅडमनी पहिल्या भेटीचे १,५०० घेतले आणि दोन तास बसल्या. सगळ्या कर्जांची एका कागदावर यादी केली, कुठे तारण आहे, कुठे चेक दिलेत, कुठे जामीनदार आहे. त्यांनी एक विचारलं ते माझ्या डोक्यात बसलं, की तुम्हाला कर्ज फेडता येत नाही का आत्ताच्या हप्त्यात फेडता येत नाही? दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नादारीचं पण त्यांनी उलगडून सांगितलं. २०१६ चा नवीन दिवाळखोरी कायदा आहे पण त्यातला साध्या माणसांचा भाग अजून लागू नाही, २०१९ च्या डिसेंबरपासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांना लागू झालाय. आपल्याला अजून जुनेच कायदे, मुंबई शहराला १९०९ चा आणि नाशिकसारख्या ठिकाणी १९२० चा. अर्ज मंजूर झाला की मालमत्ता कोर्टाच्या ताब्यात जाते, आणि मुक्तता मिळेपर्यंत आपण नादार आहोत हे न सांगता ५० रुपयांचं जरी कर्ज घेतलं तरी तो गुन्हा. ज्याच्याकडे खरंच काही उरलं नाही त्याला ती वाट आहे आणि त्यात लाज नाही, पण तुम्हाला चालू पगार आहे, तुमची वाट वेगळी, असं स्पष्ट सांगितलं. पगारावर जप्ती येईल ही मला सगळ्यात मोठी भीती होती, तर कळलं की आधी कोर्टाचा हुकूमनामा लागतो, आणि तेव्हाही पहिले हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात, म्हणजे माझे फार तर ११ हजार गेले असते. आठ महिने मी ज्या भीतीनं झोपलो नाही तिचा आकडा ११ हजार होता.

पुढे त्यांच्या सांगण्यावरून मी स्वतः बँकेला लेखी अर्ज दिला. मोठ्या लोनची मुदत वाढवून हप्ता कमी झाला. कार्डाचं राष्ट्रीय लोकअदालतीत १ लाख ५ हजारावर मिटलं, सहा हप्त्यांत, पैसे थेट कार्डाच्या खात्यात आणि हातात सही-शिक्क्याचा कागद. सिबिलला "सेटल्ड" लागलंय, पुढची काही वर्षं लोन मिळणार नाही, चालेल. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, त्याची बँकेकडे तक्रार केली, ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट जाता येतं. त्या कंपनीवर मात्र लोकपालाचा अधिकार नाही, ती बँकच नाही. म्हणून तिच्यावर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर आणि पोलिसात तक्रार दिलीय आणि ग्राहक आयोगात केस टाकलीय, ५ लाखापर्यंत तिथे फी लागत नाही. पैसे अजून मिळाले नाहीत.

आणि ज्या फीला घाबरून मी गेलो नव्हतो त्याचं ऐका. कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथे बायकांना, अनुसूचित जाती-जमातींना, अपंगांना, वर्षाला ३ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्यांना आणि औद्योगिक कामगारांना वकील फुकट मिळतो. औद्योगिक कामगार, म्हणजे मीच की. विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाईनवर फोन केला तरी सांगतात.

कुणी तुम्हाला आधी फोन करून हप्ते बंद करा म्हणत असेल, नोटीस उघडू नका म्हणत असेल, पैसे लोन खात्याऐवजी दुसरीकडे टाकायला लावत असेल तर तिथेच फोन ठेवा. सेटलमेंटचं पत्र आलं तर पैसे भरायच्या आधी शाखेत नेऊन दाखवा, मी जे एक महिना उशिरा केलं ते. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची बंदी आहे, त्यामुळे रीलमध्ये काळा कोट दिसला की जास्तच जपा.

त्या पोराशी मी बोललो. त्यानं नोंदणी फी भरलीय, फंडाचे पैसे अजून नाही. गुरुवारी त्याला घेऊन प्राधिकरणात जातोय, त्याचं म्हणणं गेटजवळ कोणी ओळखीचं भेटलं तर, मी म्हणलं माझ्या कामासाठी आलोय असं सांग. अंबड-सातपूरचं अजून कुणी असेल आणि एकट्यानं जायला जमत नसेल तर फर्स्ट शिफ्ट असली की साडेतीननंतर मी मोकळा असतो, कागद घेऊन या.