सीपी-सॅटवर सहा महिने: क्रेन मोकळी होते, रॉड परत येत नाही

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. उन्हाळ्यापासून साखर कारखान्यांच्या ऑफ-सीझनची कामं. गळीत सुरू व्हायच्या आत सगळं उरकायचं, ती तारीख काही हलत नाही. यंदा एप्रिलपासून वेळापत्रक सीपी-सॅटवर बसवलं. हा गूगलच्या ओआर-टूल्स या सॉफ्टवेअरमधला सॉल्व्हर: कामं आणि अटी सांगितल्या की तारखा तो बसवून देतो. फुकट आहे, पण कोड लिहावा लागतो. तो भाच्यानं लिहिला, मी त्याचं डोकं खाल्लं.

आधीच्या गँट चार्टात, म्हणजे कामं नि तारखांच्या पट्ट्यांच्या तक्त्यात, दोन रोलर एकाच दिवशी उचलायचे दिसायचे, आणि मिल हाउसमध्ये क्रेन एकच. इथं 'क्युम्युलेटिव्ह' अट (एका वेळी आहेत त्याहून जास्त क्रेन वापरायच्या नाहीत) घातली की ते मिटतं. पण मला खरं आवडलं ते 'रिझर्व्हायर'. क्रेन आणि फिटर काम झालं की मोकळे होतात. वेल्डिंग रॉड जळला की गेला. त्यामुळं स्टॉक टाकीसारखा धरायचा: माल आला की पातळी वर, काम लागलं की खाली, शून्याच्या खाली जायचं नाही. वरचीही मर्यादा घालता येते. आमच्या शेडात प्लेटा ठेवायला जागाच नाही, म्हणून ती घातली.

मे महिन्यात एकदा तोंडावर आपटलो. रॉड बाराव्या दिवशी येणार आणि केन कॅरिअरचं वेल्डिंगही बाराव्याच दिवशी सुरू, असा प्लॅन निघाला. हिशेब बरोबर, कारण एकाच वेळेची आवक-जावक एकत्र धरली जाते. टेम्पो आला संध्याकाळी सहाला. चार वेल्डर दिवसभर चहा पीत बसले. तेव्हापासून आवक एक दिवस पुढं लिहितो. जुलैची तर आठ दिवस पुढं. २०१९ आणि २०२१ ला हायवेवर पंचगंगेचं पाणी आलेलं कोण विसरलंय?

फक्त पूर्णांक चालतात, म्हणून अडीच किलो म्हणजे २५०० ग्रॅम. 'इन्फीझिबल', म्हणजे सगळ्या अटी पाळून प्लॅन बसतच नाही, असं आलं की कुठली अट आड येते हे आपणच शोधायचं. एकदा दोन तास गेले, आणि चूक माझीच: क्रेनच्या दुरुस्तीची तारीख एक महिना चुकलेली.

स्टोअरच्या वहीपुढं मात्र कुणाचं काही चालत नाही. वहीत ७०१८ जातीच्या वेल्डिंग रॉडची ४० पाकिटं, त्यातली ११ पावसात दमटलेली. ती ओव्हनमध्ये भाजेपर्यंत दीड दिवस गेला.

दहा-पंधरा कामं असतील तर फळा आणि खडू बास. आमची १४० होती.