बाळहिरडा, एरंडेल आणि माझी नाइट शिफ्ट

नाशिकला अंबडच्या कंपनीत वीस वर्षं शिफ्ट करतोय. नाइट लागली की तिसऱ्या दिवशी पोट संपावर जातं. इसबगोल झालं, गरम पाणी झालं. मावशी म्हणाली, "बाळहिरडा घे रे, पण तयार पूड आणू नकोस." मी अर्थातच तयार पूड आणली. मातकट, भुसा खाल्ल्यासारखी. हिरडा जिभेवर ठेवला की तोंड आवळून यायला पाहिजे. आठवडाभर ढिम्म काही झालं नाही.

मग भद्रकालीतलं काष्ठौषधीचं दुकान गाठलं. गाडी आत नेऊ नका, दहीपुलाकडून पायी जा. पत्र्याचे डबे छतापर्यंत, गल्ल्यावर एक आजोबा. त्यांचा पहिलाच प्रश्न, "बाळ की सुरवारी?" बाळहिरडा म्हणजे आठळी धरायच्या आत गळलेलं कोवळं फळ, वाळून काळं पडलेलं. सुरवारी म्हणजे पुरता पिकलेला, मोठा, पिवळसर. माझी तक्रार ऐकून त्यांनी बाळच दिला, तोही कागदावर पसरून, किडके दाणे बाजूला काढून. शंभर ग्रॅमचे साठ रुपये. पिशवी मात्र घरूनच न्या.

घरी थोड्या एरंडेलात मंद आचेवर परतला. मनुकेएवढा हिरडा टम्म फुगतो आणि इतका ठिसूळ होतो की खलात दोन ठोक्यांत भुगा. एरंडेलाचा वास दोन दिवस घरात होता. ती कढई बायकोने कायमची माझ्या नावावर केली आहे. पूड फडक्याने गाळली आणि चिमूटभर सैंधव घातलं, कारण पावसाळा. आयुर्वेदात हिरड्याची जोडी ऋतूप्रमाणे बदलते: शरदात साखर, हेमंतात सुंठ.

पहिल्या रात्री हौसेने शिगोशीग चमचा घेऊन कामावर गेलो. पहाटे मशीन सोडून तीनदा पळालो. त्यानंतर अर्धा चमचा, कोमट पाण्यासोबत, झोपायच्या आधी. नाइटला म्हणजे सकाळी नऊला. चौथ्या दिवसापासून पोट एका वेळेत साफ, जेवणानंतरचा गुबारा जवळपास गेला. खात्री करायला मधे आठवडाभर बंद केला, तर दुसऱ्याच नाइटला पुन्हा तेच रडगाणं. परत सुरू केला, परत सुटलो. सगळं वहीत लिहिलंय, बायको हसते.

रविवारच्या मिसळीनंतरची जळजळ आणि आंबट ढेकर मात्र तशीच राहिली. त्यासाठी हिरडा घेत असाल तर साठ रुपये वाचवा आणि तर्री कमी घ्या. शेजारच्या गरोदर मुलीसाठी तिच्या आईने मागितला होता, मी दिला नाही. गरोदरपणात हिरडा वर्ज्य, हे आजोबांनी न विचारता सांगितलं होतं. तयार पूड विकणाऱ्याने पैसे घेण्यापलीकडे तोंड उघडलं नव्हतं.

पुढच्या वीकली ऑफला सुरवारी आणायला जातोय, मावशीला त्रिफळा करायचाय. बेहडा आणि आवळकाठी आजोबांकडेच आहे.