'सिन्स' की 'फॉर'? अर्जात अनुभवाचा कालावधी लिहिताना

लातूर-नांदेडकडे मराठी माध्यमातून शिकलेले उमेदवार नोकरीच्या अर्जात आपला अनुभव इंग्रजीतून लिहू लागले की 'सिन्स' आणि 'फॉर' या दोन शब्दांपाशी हमखास अडखळतात, कारण मराठीत दोन्हींचे काम 'पासून' हे एकच शब्दयोगी अव्यय भागवते. 'मी २०१८ पासून उदगीरला शिकवतो' आणि 'मी सहा वर्षांपासून उदगीरला शिकवतो' या दोन्ही वाक्यांची घडण आपल्याला सारखीच वाटते. इंग्रजी मात्र पहिल्यात काळाचा आरंभ पाहते आणि दुसऱ्यात काळाची लांबी.

आरंभ सांगायचा असेल तर 'सिन्स' घ्यावे: सिन्स २०१८, सिन्स मंडे, सिन्स चाइल्डहुड. एखादी घटनाही आरंभ ठरू शकते, म्हणून १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतरच्या काळाविषयी 'सिन्स द अर्थक्वेक' असे म्हणता येते. लांबी मोजायची असेल तर 'फॉर': फॉर सिक्स इयर्स, फॉर अ लाँग टाइम. 'सिन्स लास्ट टू इयर्स' हा प्रयोग आपल्याकडे इतका रुळला आहे की तो कानाला खटकतही नाही, तरी प्रमाण इंग्रजीत 'फॉर द लास्ट टू इयर्स' असेच लिहावे लागते.

शब्दाच्या निवडीपेक्षा क्रियापदाची चूक मला अधिक गंभीर वाटते. अजून चालू असलेल्या गोष्टीसाठी मराठीत 'शिकवतो' हा साधा वर्तमानकाळ पुरतो, तर इंग्रजीत तेथे 'आय हॅव टॉट' किंवा 'आय हॅव बीन टीचिंग' अशी रचना करावी लागते. 'आय अॅम टीचिंग हिअर सिन्स सिक्स इयर्स' या वाक्यात त्यामुळे दोन चुका आहेत, आणि 'सिन्स' काढून 'फॉर' घातले तरी एक शिल्लकच राहते.

संपलेल्या कालावधीसाठी निवडीचा प्रश्नच उरत नाही. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ पासून १ मे १९६० रोजी महाराष्ट्र स्थापन होईपर्यंत, म्हणजे साडेतीन वर्षे, द्विभाषिक मुंबई राज्यात होता. हे इंग्रजीत सांगताना साधा भूतकाळ आणि 'फॉर' हवे. त्यानंतरची स्थिती आजही कायम असल्यामुळे 'मराठवाडा हॅज बीन इन महाराष्ट्र सिन्स १९६०' हे वाक्य बरोबर ठरते. सोडलेल्या नोकरीचा अनुभवही याच न्यायाने 'आय वर्क्ड देअर फॉर टू इयर्स' असा लिहावा. आरंभ आणि शेवट दोन्ही द्यायचे असतील तर 'फ्रॉम २०१४ टू २०१६' हे सर्वांत सुटसुटीत.

'सिन्स'ला 'कारण' असाही अर्थ आहे आणि तेथे जरा जपावे. 'सिन्स ही जॉइन्ड द बँक, ही हॅज नॉट व्हिजिटेड बीड' या वाक्यातून तो बँकेत लागल्यापासून बीडला आला नाही की बँकेत लागल्यामुळे आला नाही, हे कळत नाही; कारणच सांगायचे असेल तर 'बिकॉज' लिहावे. 'फॉर'चाही असा अर्थ आहे, पण तो आता ग्रांथिक वाटतो आणि अर्जात शोभत नाही.