वसंतातील क्लबची सहल: सिंहगडाची दरी की कवडीपाट?

फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्च सरेपर्यंत पक्षिनिरीक्षकांच्या क्लबकडून सहलींच्या सूचना येऊ लागतात आणि रविवार मात्र मोजकेच मोकळे असतात. भिगवण पुण्याहून शंभर किलोमीटरवर असल्याने तो पूर्ण दिवसाचा कार्यक्रम ठरतो. वेताळ टेकडी आणि पाषाण तलाव येथे आपण एरवीही जातोच. त्यामुळे सकाळच्या सहलीसाठी निवड उरते ती सिंहगडाच्या पायथ्याची दरी आणि सोलापूर रस्त्यावरील नदीकाठचे कवडीपाट यांच्यात. नव्या सदस्याला बहुधा सिंहगडच सुचवला जातो आणि पक्ष्यांच्या दृष्टीने त्या सूचनेत काही वावगे नाही. तरीही क्लबबरोबर जायचे असेल, तर माझा कौल किंचित दुसऱ्या बाजूला झुकतो.

सिंहगडाच्या दरीचे गुण आधी मान्य करतो. आतकरवाडीच्या बाजूने झाडीतली पायवाट धरली की या दिवसांत बरीचशी झाडे निष्पर्ण झालेली दिसतात आणि नेमक्या त्यांच्यावरच पक्ष्यांची वर्दळ असते. काटेसावर किंवा पांगारा फुललेला असला की एकाच झाडावर पळसमैनांचा गोंगाट, पर्णपक्ष्यांची भांडणे आणि शिंजिरांची लगबग चाललेली असते. ओढ्यात उरलेल्या डबक्यावर टिकेलचा निळा माशीमार उतरतो आणि नशिबाने साथ दिली, तर लांब पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तकही. वरच्या गवताळ उतारांवर युवराज दिसण्याची शक्यता असते. कवडीपाटला यांपैकी बहुतेक काही मिळत नाही.

परंतु ही पायवाट जेमतेम एका माणसाच्या रुंदीची आहे आणि क्लबच्या रविवारी तिच्यावरून वीस-पंचवीस माणसे एकामागे एक चालत असतात. पुढचा थांबतो, त्याचे बोट वर जाते आणि ‘कुठे?’, ‘त्या वाकड्या फांदीवर’, ‘कोणत्या वाकड्या?’ अशी कुजबुज मागे सरकू लागते. ती शेवटच्या माणसापर्यंत पोहोचते तेव्हा फांदी तेवढी हलत असते. सहलीच्या शेवटी यादी वाचली जाते, तिच्यात स्वर्गीय नर्तक असतो, सगळे माना डोलावतात आणि माझ्या अंदाजाने निम्म्या मंडळींनी तो पाहिलेला नसतो. ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर वाटून घेतलेल्या यादीतून आपण न पाहिलेला पक्षी वगळता येतो, हे खरे. मी तो प्रामाणिकपणे वगळतो आणि मग जी यादी उरते, ती आमच्या सोसायटीच्या आवारातल्या यादीहून फारशी वेगळी नसते. पुढे जाऊन उभे राहावे, तर पुढची जागा नवख्यांना आणि मुलांना द्यावी असा संकेत आहे, आणि तो योग्यच आहे.

या रांगेमुळे आणखी एक मोह उत्पन्न होतो. मागच्यांनाही दिसावा म्हणून कोणीतरी मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावतो. विणीचा हंगाम जवळ आलेला असताना नर आपली हद्द राखत असतो. तो आवाज प्रतिस्पर्ध्याचा समजून तो पुन्हा पुन्हा धावून येतो आणि चारा टिपणे, जोडी जमवणे हे सारे बाजूला राहते. चांगले आयोजक सुरुवातीलाच मनाई करतात, तरी एखादा खिसा वाजतोच.

कवडीपाटची अडचण मात्र पोहोचण्याआधीच नाकाला कळते. शहराचे सांडपाणी पोटात घेऊन आलेली मुळा-मुठा येथील बंधाऱ्यावरून उतरते, तेव्हा खाली पांढरा फेस साचतो. पुराने आणलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या काठच्या बाभळींना लटकलेल्या असतात आणि धोबी पक्षी त्याच कचऱ्यावर शेपटी हलवत किडे टिपत असतो. ज्यांना हे पाहवणार नाही, त्यांना आग्रह करण्यात अर्थ नाही. वासाची अर्ध्या तासात सवय होते, असे माझे मत आहे; माझ्या पत्नीचे तसे नाही.

पण येथे पंचवीस माणसे शेजारीशेजारी उभी राहू शकतात आणि सर्वांसमोर तोच पक्षी उघड्यावर, निवांत बसलेला असतो. तिपाईवरची दुर्बीण, म्हणजे स्कोप, एकदा लावला की प्रत्येकाचा डोळा लागून होईपर्यंत चक्रवाक सहसा जागचा हलत नाही. आणि वसंताचेच म्हणाल, तर तो येथे पिसांवर दिसतो. चक्रवाक नराच्या मानेभोवती बारीक काळे कडे उमटलेले असते. पिवळ्या डोक्याच्या धोब्याचे हिवाळाभर फिकट असलेले डोके परतीच्या प्रवासापूर्वी उजळ पिवळे होऊ लागते आणि त्याच चिखलात एक अजून फिका, एक अर्धा रंगलेला, असे दोघे जवळजवळ पाहता येतात. हळदीकुंकू बदके, शेकाटे, मुग्धबलाक, नदी सुरय यांची सोबत असतेच. नवख्याला नर-मादी किंवा पिसांतला फरक समजावून सांगता येईल एवढा वेळ झाडीतले पक्षी क्वचितच देतात.

अर्थात कवडीपाटचा हंगाम आखूड आहे. मार्चच्या मध्यानंतर पाहुण्या पक्ष्यांची संख्या रोडावत जाते. सावली जवळजवळ नसल्याने नऊ-साडेनऊनंतर तापलेली हवा स्कोपमध्ये थरथरू लागते आणि दूरच्या पक्ष्यांवरून वाद सुरू होतात. काठच्या खडीत टिटवीची वीण मार्चपासूनच सुरू होते. ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, की सगळ्या गटाने आल्या पावली मागे फिरावे.

ज्यांचा कान तयार आहे किंवा ज्यांना तो तयार करायचा आहे, त्यांना दरीच अधिक देईल, हे मी नाकारत नाही. मीही सिंहगड सोडलेला नाही. तेथे मी कामाच्या दिवशी रजा टाकून एक-दोन मित्रांबरोबर जातो आणि त्यामुळे रविवारी परतताना खडकवासल्याच्या चौपाटीपाशी गाड्यांच्या गर्दीत अडकणेही टळते. क्लबने त्या सहलीला आठ-दहा जणांचीच मर्यादा घातली, तर मी माझे मत आनंदाने बदलेन. तोवर मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात एकच रविवार मोकळा असेल, तर मी कवडीपाटसाठी नाव देईन, जुने बूट घालेन आणि ते धुण्यासाठी पाण्याची एक जादा बाटली गाडीत ठेवेन.