कोकणातले मुक्काम आणि मेश जॅकेट : सकाळी कोरडं मिळतं का?

मुक्कामाची जागा निवडताना मी खोलीच्या आधी पडवी बघते. संध्याकाळी उतरवलेलं जॅकेट, ग्लव्हज आणि बूट रात्रभर कुठे वाळतील, हा माझा पहिला प्रश्न असतो. मार्चपासून कोकणात हवा इतकी दमट होते की दुपारभर घामाने भिजलेलं अस्तर बंद खोलीत सकाळपर्यंत तसंच ओलं राहतं. ओलं, वास येणारं जॅकेट सकाळी अंगावर चढवायला नको वाटतं. मग ते मागे पट्ट्याला बांधलं जातं आणि माणूस टी-शर्टवर गाडी काढतो. मी कराडला अस्थिरोग वॉर्डात परिचारिका आहे. टी-शर्टवर पडलेल्यांची कोपरं आणि खांदे मी ड्रेसिंगला घेते, आणि डांबराचे कण जखमेतून काढताना तरणीताठी मुलं कशी कळवळतात ते मला माहीत आहे. म्हणून इथे गिअर आणि मुक्काम दोन्हींबद्दल एकत्रच लिहिते आहे.

माझा रस्ता असा : कराडहून पाटण, कोयनानगर, हेळवाक करत कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, तिथून खेड आणि मंडणगडवरून वेळास. मग किनाऱ्याने दक्षिणेला केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळ, फेरीबोटीने धोपावे, गुहागर, हेदवी, तवसाळ, पुन्हा फेरीने जयगड, मालगुंड, गणपतीपुळे, रत्नागिरी आणि आंबा घाटातून घरी. गाडी रॉयल एनफिल्डची मीटिअर 350. तिची सीट 765 मिलिमीटर उंचीवर आहे, त्यामुळे माझ्या उंचीच्या बाईचे दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात. फेरीच्या ओल्या लोखंडी उतारावर याचं मोल कळतं. टाकी 15 लिटरची आहे आणि टायर ट्यूबलेस, म्हणजे पंक्चर काढायला चाक खोलावं लागत नाही.

आता जॅकेट. माझं जाळीचं, म्हणजे मेशचं आहे. रायनॉक्स, व्हायाटेरा, सोलेस, रायडा अशी आपल्याकडची नावं आता बाजारात आहेत आणि परदेशी जॅकेटवर दुप्पट पैसे घालायची गरज उरलेली नाही. नावापेक्षा मी सांगेन ते तीन मुद्दे तपासा. आतल्या आर्मरवर, म्हणजे खांदा-कोपरावर बसवलेल्या संरक्षक पॅडवर, EN (ईएन) ऐवजी नुसतं ‘प्रोटेक्शन’ लिहिलेलं असेल तर ते जॅकेट खाली ठेवा. खांदा, कोपर आणि गुडघा यांच्या आर्मरचं युरोपीय मानक ईएन 1621-1 आहे. त्यात 50 ज्यूलचा आघात केल्यावर पलीकडे सरासरी 35 किलोन्यूटनपर्यंत जोर पोहोचला तर लेव्हल 1, आणि 20 पर्यंतच पोहोचला तर लेव्हल 2. दोहोंच्या किमतीत फार अंतर नसतं, हाडाच्या दृष्टीने मात्र असतं. पाठीसाठी वेगळं मानक आहे, ईएन 1621-2, आणि तिथे लेव्हल 2 ला 9 किलोन्यूटनची मर्यादा आहे. बऱ्याच जॅकेटांत पाठीच्या खिशात नुसता फोम येतो. हाताने दाबून बघा. स्पंजासारखा चेपला तर तो काढून खरा बॅक प्रोटेक्टर वेगळा विकत घ्या. मी तसाच घेतला.

दुसरा मुद्दा मापाचा. दुकानात आरशासमोर ताठ उभं राहून जॅकेट छान बसतं. तसं बघू नका. दुकानदाराला सांगून गाडीवर बसा, हात हँडलवर ठेवा आणि कोणाला तरी बाही धरून फिरवायला सांगा. कोपराचं आर्मर कोपरावरून सरकलं तर पडताना ते दंडावर किंवा मनगटाकडे गेलेलं असणार आणि हाड उघडं पडणार. बायकांसाठी कापलेली जॅकेटं आता मिळतात, तरी अनेक दुकानांत पुरुषांचं लहान माप पुढे करतात. त्यात खांदे मोठे आणि कंबर आवळ असा प्रकार होतो. माझ्या गावाजवळच्या एका दुकानात ‘ताई, हेच चालतं सगळ्यांना’ असं ठामपणे सांगितलं गेलं. मी परत आले आणि दुसरीकडून घेतलं.

तिसरा मुद्दा पावसाचा. मेश जॅकेटासोबत आत लावायचा रेन लायनर मिळतो. सह्याद्रीच्या या बाजूला तो मला पटत नाही. लायनर आत असल्यामुळे बाहेरची जाळी, तिच्यातला फोम, सगळं पाणी पिऊन जड होतं आणि वारा लागला की थंडी वाजते. शिवाय ते पाणी रात्री कुठे जाणार? अवकाळी सरीसाठी जॅकेटवरून घालायचा साधा रेनकोटचा सेट, पँटसकट, सीटमागच्या बॅगेत वर ठेवलेला बरा. वरून घातला की मुख्य जॅकेट कोरडं राहतं.

ग्लव्हजबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण लोक इथेच कंजुषी करतात. पडताना माणूस आपसूक हात पुढे टेकतो. तळव्याचा टाचेकडचा भाग डांबरात रुतून थांबतो आणि अंगाचा सगळा भार मनगटावर येतो. त्यात अंगठ्याच्या मुळाशी असलेलं स्कॅफॉइड नावाचं लहान हाड मोडतं. त्याचा रक्तपुरवठा असा आहे की ते जुळायला महिने लागतात, कधी जुळतच नाही, आणि पहिल्या एक्स-रेत अनेकदा दिसतही नाही. लोक ‘मुरगळलंय’ म्हणून बाम चोळत राहतात. म्हणून बोटांच्या गाठींवरची टणक टोपी बघण्याआधी तळव्याच्या टाचेवर गुळगुळीत घसरपट्टी आहे का ते बघा. ती असली की हात अडकण्याऐवजी सरकतो. उन्हाळ्यासाठी ग्लव्हज छिद्रांच्या चामड्याचे घ्या, कापडी तळव्याचे नकोत.

गुडघ्याला मी वेगळे नी-गार्ड न बांधता आर्मरची पँट घालते. नी-गार्ड दोन तासांनी खाली घसरतात. हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचं आणि आयएसआय चिन्हाचं. 1 जून 2021 पासून दुचाकीचं हेल्मेट बीआयएसच्या, म्हणजे हे आयएसआय चिन्ह देणाऱ्या भारतीय मानक ब्युरोच्या, प्रमाणाशिवाय विकायला बंदी आहे, तरी रस्त्याकडेला बिनचिन्हाची हेल्मेटं मांडलेली दिसतात. आतली गादी निघणारी असावी, कारण तीही रोज वाळवायची असते.

तर आता मुक्काम. वेळास रत्नागिरी जिल्ह्याच्या अगदी उत्तरेला, बाणकोटच्या शेजारी. फेब्रुवारी अखेरीपासून तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात आणि गावातली घरं पाहुण्यांसाठी उघडतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन हे संवर्धन उभं केलं. घर म्हणजे घरच : ओटीवर किंवा माजघरात गाद्या, न्हाणीघर सगळ्यांत मिळून एक, तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, सोलकढी. पलंग आणि वेगळं बाथरूम हवं असेल त्याने इथे येऊ नये, दोघांनाही त्रास. मला मात्र इथलं सगळ्यांत आवडलं ते खळं, म्हणजे घरापुढचं अंगण. उन्हाळ्यात खळ्यावर झावळ्यांचा मांडव असतो. गाडी त्याच्या सावलीत, रस्त्यापासून आत. मांडवाच्या बांबूला जॅकेट उलटं करून टांगलं, आर्मर काढून वेगळं ठेवलं, रात्रभर खाडीकडचा वारा लागला. सकाळी अस्तर हाताला कोरडं. सारवलेल्या जमिनीत साइड स्टँड रुततो. मी विचारायच्या आत घरातल्या काकूंनी फळकूट आणून दिलं. ‘मागे एकाची गाडी आडवी झाली होती,’ म्हणाल्या. गाड्यावाल्यांची गरज ओळखणारं घर म्हणजे हे. जेवणासकट माणशी हजाराच्या आत पैसे झाले. पहाटे पिल्लं बघायला किनाऱ्यावर जाताना फ्लॅश आणि टॉर्च लावू नका, उजेडाने पिल्लांची दिशा चुकते.

वेळासपासून दक्षिणेचा रस्ता अरुंद, चढउतारांचा आणि वळणावळणाचा आहे. जांभ्याची लाल खडी वळणाच्या आतल्या बाजूला पसरलेली असते, म्हणून वेग वळणाआधीच कमी करायचा, वळणात पुढचा ब्रेक दाबायचा नाही. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीच्या देवळातून समुद्र दिसतो, हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव. इथे थांबायला वेळ ठेवा.

दाभोळ–धोपावे फेरीला मी मनापासून चांगलं म्हणेन. वाशिष्ठीच्या खाडीवरची ही सेवा 2003 पासून चालू आहे. ती नसती तर खेड-चिपळूणकडून शंभर किलोमीटरच्या घरातला वळसा पडला असता. जंगलजेट्टी म्हणतात तिला सगळे. बोटीवरची मुलं दुचाकी कुठे उभी करायची ते हाताने नीट दाखवतात आणि घाई करत नाहीत. चढताना पहिला गिअर, क्लच अर्धा, पाय खाली पण गाडी चालती ठेवायची. ओल्या उतारावर मध्येच थांबलात तर सावरणं कठीण. वर गेल्यावर गाडी गिअरमध्ये ठेवून तिच्याजवळच उभं राहायचं. शास्त्री नदीवरची तवसाळ–जयगड फेरीही तशीच सोयीची. मुंबईकडून येणाऱ्यांना याआधी आगरदांडा–दिघी आणि बागमांडला–वेसवी या दोन फेऱ्या लागतात. खाडी ओलांडताना जॅकेटची चेन पूर्ण उघडली की दहा-पंधरा मिनिटांत अंग निवतं, दुपारच्या प्रवासात असा दुसरा विसावा नाही.

गुहागरला व्याडेश्वराच्या देवळामागून समुद्राकडे नारळी-पोफळीच्या वाड्या लागतात आणि त्या वाड्यांतल्या घरांत खोल्या मिळतात. मी उतरले त्या घरात खोली स्वच्छ, उकडीचे मोदक सांगितल्यावर ताजे, आणि पाठीमागे विहीर. विहिरीचं गोडं पाणी ही मोठी सोय. जॅकेटच्या गळपट्टीवर आणि पाठीवर घामाचं मीठ पांढरं जमतं. ते धुतलं नाही तर मानेला पुरळ येतं आणि शिवणही लवकर झिजते. आर्मर काढून आतलं अस्तर नुसत्या पाण्याने पिळलं, साबण नाही. पण वाडी गर्द असल्यामुळे वारा खाली उतरत नाही. वेळासइतकं पटकन वाळलं नाही. मालकांनी पडवीतला पंखा लावून दिला, तेव्हा सकाळी काम झालं. वाडीतली वाट मऊ वाळूची आहे, जड सामान असेल तर गाडी वाडीच्या तोंडाशीच उभी करा.

उलट अनुभव एका तालुक्याच्या गावातल्या लॉजवर आला, नाव लिहीत नाही. खोली वातानुकूलित, खिडकी पक्की बंद, दोरी बांधायला खिळासुद्धा नाही. गाडी रस्त्याला लागून. एसीखाली कपडे वाळतात असा समज असेल तर तो जाड फोमच्या बाबतीत खरा नाही : पृष्ठभाग वाळला, आतून ओल तशीच राहिली. बुटांचा वास खोलीभर. पैसे वेळासच्या तिप्पट. तक्रार केली तर ‘मॅडम, कोकण आहे’ एवढंच उत्तर. कोकणातल्याच दुसऱ्या घरांत हीच गोष्ट पंख्याने आणि बांबूने सुटलेली होती, त्यामुळे हे उत्तर मी मान्य करत नाही.

हेदवीहून तवसाळपर्यंत आणि पुढे जयगडवरून उतरतानाही उघडा सडा, म्हणजे कातळाचं पठार, लागतो. झाड नाही, कातळ तापलेला. इथे मेश जॅकेटाची खरी परीक्षा होते. चालती गाडी असेपर्यंत वारा आरपार जातो आणि घाम वाळत गारवा देतो. थांबलात की मात्र ते कुठल्याही जाड कपड्याइतकंच गरम. म्हणून सड्यावर फोटोसाठी वारंवार थांबू नका. जॅकेटखाली सुती बनियन न घालता पातळ, घाम उडवणारा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला. सुती कापड भिजून अंगाला चिकटतं. पाण्यात मीठ-साखर घालून ठेवा. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे, तिथे सावलीत बसून मगच गणपतीपुळ्याकडे निघावं. तिथून आरे-वारे मार्गे रत्नागिरी, हा पट्टा सकाळी लवकर करा, गर्दी नसते आणि सूर्य डोंगराआड असतो.

जॅकेटला पाचपैकी चार. एक गुण कापला तो चेनसाठी, खारट हवेत ती अडकायला लागली आहे. घरी आल्यावर तिला मेणबत्ती घासते. गाडीच्या साखळीलाही तेच लागू : किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, लगेच ल्युब. वेळासच्या घराला पाच, गुहागरला साडेचार. पावसाळ्यात या रस्त्यावर हेच जॅकेट मी सुचवणार नाही, आणि खाडी खवळलेली असेल तेव्हा फेरी सुरू आहे का ते निघण्याआधी विचारून घ्या. पेट्रोल मंडणगड, दापोली आणि गुहागरला भरून घ्या, मधल्या गावांच्या भरवशावर राहू नका. घरगुती मुक्कामी रात्री पोहोचणार असाल तर जेवणाचं दुपारीच कळवा. आयत्या वेळी चुलीवर दुसरा भात चढवायला लावणं त्या काकूंवर अन्याय आहे.