वन्यजीव संघटनेचं सभासदत्व: पैसे वसूल आहेत, पण ती पीडीएफ बदला

नूतनीकरणाचा मेसेज आलाय, म्हणून आत्ताच लिहितोय. वन्यजीव क्षेत्रात काम करणाऱ्यांची संघटना, ठाणे-नवी मुंबई गट, वार्षिक सभासदत्व. नाव मुद्दाम टाकत नाही. महिन्याचं संधीपत्रक (नोकऱ्या, अनुदानं, परिषदा यांची माहिती), परिषदेच्या फीमध्ये सवलत, प्राणी-पक्ष्यांच्या मोजणीला प्राधान्य हे सगळं माहीत असेलच.

तर ते संधीपत्रक. अजूनही युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टात जुळवलेली पीडीएफ. 'येऊर' शोधा, काही सापडत नाही. कॉपी करा, चिन्हांचा काला हाती येतो. लिंक दाबली तर उघडत नाही. बघून बघून टाइप करायची, त्यात एल की एक, ओ की शून्य हा घोळ. फोनवर स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्समधून मजकूर उचलणं हाच त्यातल्या त्यात बरा उपाय.

त्याहून वाईट म्हणजे अंतिम तारखा. नुसती तारीख छापतात, वेळ कुठली ते नाही. ब्रिटनमधल्या अनुदानाची मुदत रात्री ११.५९ ला संपते, तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची पहाट असते: हिवाळ्यात ५.२९, मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर ४.२९. 'एनीव्हेअर ऑन अर्थ' (पृथ्वीवर कुठेही ती तारीख चालू असेपर्यंत) असं लिहिलेलं असेल तर थेट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५.२९ पर्यंत वेळ मिळतो. उलट देशातल्या संस्था पुष्कळदा कार्यालय बंद होईपर्यंतच अर्ज घेतात. एवढं एका ओळीत मावतं, पण कोणी लिहीत नाही. आणि पत्रक महिनाअखेरीला येणार, तोवर परिषदेची लवकर नोंदणीची सवलत गेलेली. म्हणजे सभासदत्वाने वाचवलेले पैसे पत्रकाच्या उशिरानेच खाल्ले.

बातम्यांचं पान वाचनीय, पण आकडे तपासून घ्या. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ चं, सुमारे १,६९० हेक्टर. २०२२ मध्ये रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) गेलं ते क्षेत्र ६,५२१ हेक्टरांचं. पत्रकात दोन्ही एकच धरलेले दिसतात. प्रस्तावात तसंच उतरवलं की नकाशा आणि मजकूर जुळत नाही आणि फाइल परत येते.

मोजणीच्या सूचनेचीही तीच गत. जानेवारीच्या पाणपक्षी गणनेला 'सकाळी ७' एवढंच. खाडीत घड्याळापेक्षा भरती महत्त्वाची. ओहोटीला पक्षी चिखलावर दूरवर पांगतात, भरतीला किनाऱ्यालगतच्या विसाव्याच्या जागी गोळा होतात, मोजायचं तेव्हा. भरतीचं कोष्टक बघितल्याशिवाय निघू नका. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर बसून प्राणी मोजतात, तिथे सभासदांना प्राधान्य मिळतं, हे खरं. मात्र त्यातून येऊरमध्ये किती बिबटे हे कळत नाही, तो निसर्गानुभवच.

इथपर्यंत वाचून सभासदत्व सोडा असंच वाटेल, माझंही तेच मत झालं होतं. मग परवानगीच्या अर्जांची तपासणी (वनखात्याकडे जाण्याआधी संघटनेतले ज्येष्ठ अर्ज बघून देतात) वापरून पाहिली आणि मत फिरलं. ही सोय जाहिरातीत शेवटच्या ओळीत आहे, आणि पैसे वसूल होतात ते इथेच. अभयारण्यात वा राष्ट्रीय उद्यानात अभ्यासासाठी शिरायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २८ खालची परवानगी लागते. प्राणी पकडायचा असेल, माग काढणारी रेडिओ कॉलर लावायची असेल तर कलम १२, आणि प्राणी अनुसूची एकमधला (सर्वाधिक संरक्षण असलेला) असला की केंद्राची पूर्वपरवानगीही. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग, त्यामुळे ठाण्यात राहूनही वाट बोरिवलीच्या उद्यान कार्यालयाची. खाडीसाठी वनखात्याचा कांदळवन कक्ष. आणि मुख्य वन्यजीव रक्षक नागपूरला. हे गाडं कुठे अडतं ते तपासणाऱ्या ज्येष्ठांना पाठ आहे.

शेरे नेमके असतात. 'जंगलाच्या कुठल्या भागात काम, त्याचे कक्ष क्रमांक नाहीत.' 'कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) किती, ते लिहा.' 'एकाच बाजूला कॅमेरा? बिबट्याच्या डाव्या-उजव्या कुशीचे ठिपके वेगळे असतात, समोरासमोर दोन लावा, जमिनीपासून चाळीसेक सेंटिमीटरवर.' 'पाड्यांवरची माणसं फोटोत येणार, ते फोटो कसे काढून टाकणार ते लिहा.' 'विष्ठेचे नमुने कुठल्या प्रयोगशाळेत जाणार?' या शेऱ्यांप्रमाणे सुधारलेला अर्ज परत येण्याची शक्यता बरीच कमी. फक्त अनुदानाच्या मुदतीच्या कितीतरी महिने आधी पाठवा. परवानगीला वेळ लागतोच.

नोकऱ्यांच्या जाहिराती ठीकठाक. 'नियमाप्रमाणे मानधन' दिसलं की आधी फोन करा. नेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेल्या कनिष्ठ संशोधकाला १ जानेवारी २०२३ पासून केंद्राच्या दराने महिना ३७,००० रुपये अधिक घरभाडे आहे. खासगी प्रकल्पांवर तो दर बंधनकारक नसतो.

नूतनीकरण करतोय, पण वर्षाचंच. आजीवसाठी आग्रह होईल. पीडीएफमधली लिंक उघडायला लागेपर्यंत तो मनावर घेऊ नका. अर्जात वर्गणीखाली देणगीचा रकाना असतो. वर्गणी ही देणगी नव्हे, तिच्यावर करसवलत मिळत नाही, म्हणून दोन्ही रकमांच्या पावत्या वेगळ्या मागून घ्या.