उबंटू आणि ऑर्का: आठ महिने वापरल्यावर

मला दिसत नाही. मी कॉलेजात इतिहास शिकवते आणि गेली कित्येक वर्षं माझं काम विंडोज आणि एनव्हीडीएवर चालत आलंय. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने 2006 साली सुरू केलेला हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम) फुकट मिळतो, आणि माझी नोकरी त्याच्याच जिवावर उभी आहे. त्यामुळे लिनक्स या विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या प्रणालीकडे कधी वळले नव्हते. आठ महिन्यांपूर्वी जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली. नवी बसवली तेव्हा ठरवलं, लिनक्सचाच एक प्रकार असलेलं उबंटू 22.04 टाकून बघायचं.

संगणक सुरू होताना येणारा बूट मेनू बोलत नाही, म्हणून भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. "मावशी, अजून एकदा खाली. हां, आता एंटर." त्याचं काम तेवढंच. थोडं थांबून मी ऑल्ट, विंडोज आणि एस ही बटणं एकत्र दाबली आणि "स्क्रीन रीडर ऑन" ऐकू आलं. भाषा, कीबोर्ड, डिस्कची वाटणी, पासवर्ड, पुढचं सगळं माझं मी केलं. आजवर माझा संगणक कायम दुसऱ्या कुणीतरी 'लावून दिलेला' असायचा. त्या रात्री जेवायचंसुद्धा राहून गेलं.

ऑर्का हा उबंटूतला स्क्रीन रीडर; त्याची सवय पटकन झाली. वेबपानावर एच दाबलं की मथळा, के दाबलं की लिंक, एनव्हीडीएसारखंच. लिबरऑफिस, फायरफॉक्स नीट बोलतात. सगळ्यात आवडलं ते टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करून काम करायची खिडकी: तिथे सगळा मजकूरच, चित्रं नाहीत, बिननावाची बटणं नाहीत. स्कॅन केलेली मराठी पानं मी तिथूनच टेसरॅक्ट या चित्रातला मजकूर ओळखणाऱ्या प्रोग्रामने वाचून घेते.

ऑर्काला आवाज देणाऱ्या ई-स्पीकचा मराठी आवाज मात्र कोरडा आहे. 'जग' आणि 'जगणं' यांतला ज वेगळा, पण लिहिताना अक्षर एकच. यंत्र दोन्ही एकाच साच्यातून काढतं. आणि युनिकोड (अक्षरं सगळ्या संगणकांवर सारखीच ओळखली जाण्याची पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टमधली प्रश्नपत्रिका आली की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा नुसता खच कानावर पडतो. हा दोष उबंटूचा नाही, एनव्हीडीएवरही तेच होतं. पण युनिकोड येऊन इतकी वर्षं झाली, तरी लोक अशा फायली पाठवतात याचा मला खरंच राग येतो.

एकदा अपडेटनंतर आवाजच गेला. डोळस माणसाला स्पीकर बंद पडल्याचा त्रास किरकोळ; माझा तर पडदाच विझला. ऑर्का दोनदा बंद-चालू केला, उपयोग नाही. शेवटी कळलं की आवाज एचडीएमआयने जोडलेल्या टीव्हीकडे जात होता, आणि टीव्ही बंद होता. केबल काढली, बोलायला लागला.

कॉलेजच्या कामासाठी दुसऱ्या लॅपटॉपवर विंडोज ठेवलंय, पण घरी उबंटूच. आता पुढची आवृत्ती नव्याने टाकायची आहे. बूट मेनू अजून मुकाच, आणि भाच्याची बारावी चालू आहे. त्याचा शेवटचा पेपर झाला की बसू.